टोकाला जाण्याबाबत

"अर्जात 'नम्र' दोनदा आलाय," बायको खांद्यावरून वाकून म्हणाली. "एवढं नम्र होऊन कोणी काही देत नाही. उलट असलेलं काढून घेतात."

पेन्सिलरावांनी एक 'नम्र' खोडला. खोडलेल्या जागी फट दिसायला लागली, म्हणून तिथे 'विनम्र' लिहिला.

पेन्सिलराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. नकाशा कचेरीत एकतीस वर्षं आरेखक म्हणून काढल्यावर त्यांना ते चिकटलं होतं. अंगकाठी सरळ आणि बारीक, कानामागे कायम पेन्सिल, आणि वरच्या बाजूला रबर बसवावं तसं गुलाबी टक्कल. स्वभावही तसाच, कोणी खोडलं तर खोडून घेणारा. घरात सासू-सुनेचं वाजलं, गल्लीत दोन शेजाऱ्यांचं जुंपलं, तरी पेन्सिलरावांचं मत ठरलेलं असे, "दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे." त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर सारखेच नाराज असत.

गाव वसलं होतं द्वीपकल्पाच्या मानेवर. तिथून जमिनीची एक लांबलचक पट्टी चौदा किलोमीटर समुद्रात शिरली होती. दोन्ही बाजूंना पाणी, मधून एकच रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी जमीन संपते ती जागा. गावातले लोक त्या जागेला 'दिवा' म्हणत, कारण एके काळी तिथे दीपगृह होतं. विकास कचेरीच्या कागदोपत्री ते 'सौंदर्यस्थळ क्रमांक चार' होतं. एक ते तीन कुठे आहेत हे कचेरीलाही माहीत नव्हतं. नकाशा कचेरीत मात्र त्याला नुसतं 'टोक' म्हणत, कारण कागदावर पेन्सिल तिथे उचलावी लागे.

हे टोक पेन्सिलरावांनी आजवर दोनशे वेळा तरी काढलं होतं. पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. पुढच्या रविवारी सायकल काढू आणि जाऊन येऊ, असं ते दर रविवारी म्हणत. पुढचा रविवार हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात भरगच्च दिवस होता. सगळं त्याच दिवशी व्हायचं होतं.

पण आता पुढचे रविवार संपत आले होते. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सोमवारी ठरवली होती आणि नंतर सहा महिने सायकलला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. खरं तर जिन्यावर कण्हणारा तो गुडघा सायकलवर मात्र निमूट फिरायचा. सहा महिनेही काढता आले असते, पण तोवर रस्ता उरणार नव्हता. दहाव्या किलोमीटरवर साखळी लागली होती आणि साखळीवर पाटी होती, 'निसर्गसौंदर्याच्या विकासाचे काम चालू असल्याने सायकलींना पुढे सक्त मनाई.' साखळीपलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच पत्रे ठोकले होते आणि त्या पत्र्यांवर समुद्राची मोठमोठी छायाचित्रं छापली होती. समुद्र त्या छायाचित्रांच्या मागे होता. पुढे रस्ता उखडून पायऱ्या होणार, टोकावर काचेची गॅलरी होणार आणि माणसांना बॅटरीच्या गाडीतून नेऊन दहा मिनिटं समुद्र दाखवून परत आणणार, असा बेत होता.

म्हणून हा अर्ज. बायकोने तो मोठ्याने वाचला.

"'महोदय, मी एकतीस वर्षे या द्वीपकल्पाची नम्र सेवा केली. या काळात मी कधीही टोकाला गेलो नाही. परंतु आता शरीर साथ देईनासे झाल्याने अधिक थांबणे शक्य नाही. तरी येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी टोकाला जाणार आहे. सोबत कोणी नसेल. याची पूर्ण जबाबदारी माझी राहील. आपण योग्य ती व्यवस्था करून ठेवावी, ही विनम्र विनंती.' यात सायकल कुठेय?"

"मुद्दाम नाही घातली. ज्या वस्तूला बंदी आहे तिचं नाव कशाला काढायचं त्यांच्यासमोर?"

"आणि व्यवस्था म्हणजे?"

"साखळी काढून ठेवावी. एवढंच."

"मग साखळी लिहा ना सरळ."

"साखळी लिहिलं की उद्धट वाटतं," पेन्सिलराव म्हणाले, आणि त्यांनी पाकिटाला डिंक लावला.

विकास कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक कारकून एका ओळीचा मथळा लिहीत असे. साहेबांना वेळ नसे, म्हणून साहेब तेवढाच वाचत. कारकुनाचा हात या कामात बसलेला होता. नळाच्या तक्रारीची सहा पानं तो 'पाणी नसल्याबाबत' एवढ्यात बसवी. पेन्सिलरावांचा अर्ज त्याने दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि वर लिहिलं, 'अर्जदार टोकाला जाणार असल्याबाबत'. मग नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मथळ्याखाली लाल रेघ ओढली.

साहेब दोन महिन्यांपूर्वी बदलून आले होते, तेही अशा मुलखातून जिथे पाणी म्हणजे टँकर. समुद्र त्यांना फायलीतून माहीत होता.

"टोकाला म्हणजे नेमकं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही साहेब. तेच गंभीर आहे."

"उपोषण असेल."

"उपोषणाला सकाळी सात कशाला? उपोषणाला माणूस नाश्ता करून बसतो."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "एकतीस वर्षं सेवा केली, कधी टोकाला गेलो नाही, म्हणतो."

"गप्प राहणारा माणूस वाईट, साहेब. माझा मेहुणा बारा वर्षं गप्प होता. तेराव्या वर्षी त्याने भावाच्या घराचं दार करवतीने कापलं."

"शरीर साथ देत नाही, सोबत कोणी नाही, जबाबदारी माझी." साहेबांच्या कपाळावर घाम आला. "आणि आपल्याला व्यवस्था करून ठेवायला सांगतोय. कसली व्यवस्था?"

"रुग्णवाहिका," कारकून बोटांवर मोजत म्हणाला. "आगीचा बंब. दोन पट्टीचे पोहणारे. टोक कुठलंही असू शकतं, साहेब."

दुपारपर्यंत वरच्या कचेरीला अहवाल गेला. बारा पोलिसांची मागणी गेली. रविवारी सकाळी साखळीच्या आसपास कोणी जमू नये असा हुकूम निघाला, आणि साखळीजवळचं एकुलतं एक दुकान, म्हणजे सायकली भाड्याने देणाऱ्या बाईचं, त्या दिवशी बंद ठेवावं अशी नोटीस तिच्या दारावर चिकटली. पेन्सिलराव तेव्हा घरी मागच्या चाकात हवा भरत होते.

शुक्रवारी साहेब आणि कारकून त्यांच्या घरी आले. हातात फळांची करंडी होती. आजारी माणसाकडे बसावं तसे दोघं खुर्चीच्या काठावर बसले.

"कसं वाटतंय आता?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"गुडघा दुखतो."

"आणि मन?"

पेन्सिलरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मन ठीक आहे. त्याला जिने चढावे लागत नाहीत."

कारकुनाने हे लिहून घेतलं.

"काका, तुमचा राग नेमका कोणावर आहे? घरच्यांवर? आमच्यावर? मोकळेपणाने बोला."

"राग कसला? तुमची व्यवस्था झाली की जाऊन येईन."

"जाऊन," साहेब थांबले, "याल?"

"दुपारच्या जेवणापर्यंत. जेवण चुकवून चालणार नाही, सोमवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलंय मला."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने करंडीकडे पाहिलं. बायको इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला टॉवेल लावून उभी होती. तो तिने बाजूला केला.

"साहेब, हे दिव्याकडे जायचं म्हणतायत. सायकलवर. नकाशावाले त्याला टोक म्हणतात. मी सांगितलं होतं साखळी लिहा म्हणून."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू पसरलं, आणि ओठांच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायच्या आतच विझलं.

"पण मी तर बंब मागवलाय," ते हळूच म्हणाले. "बारा पोलीस. दोन पोहणारे तर बाहेरगावाहून येतायत. सोमवारी वरून फोन येणार, काय झालं म्हणून. मी काय सांगू? अर्जदार सहलीला गेला होता?"

"सांगा की, गैरसमज झाला," पेन्सिलराव म्हणाले.

"गैरसमज कचेरीला होत नाही," कारकून म्हणाला. "तशी तरतूदच नाही."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "काका, ऐका. तुम्ही टोकाची भूमिका घ्या. अगदी मनापासून घ्या, आमची काही हरकत नाही. साखळीपाशी तासभर बसा, दोन घोषणा द्या, मी येऊन आश्वासन देतो, तुम्ही उठा. सगळ्यांची अब्रू राहील. फक्त टोकाला जाऊ नका."

"पण मला तर तिथेच जायचंय."

"मग सौंदर्य समितीवर घेतो तुम्हाला."

"त्यात काय करायचं असतं?"

"काही नाही."

"नको."

"बरं, बॅटरीच्या गाडीतून नेतो. स्वतः नेतो. दहाऐवजी पंधरा मिनिटं देतो. बसायला उशी देतो."

आता खरं सांगायचं तर हा देकार वाईट नव्हता. आयुष्यभर पेन्सिलरावांनी याहून निम्म्या देकारावर मान डोलावली होती. बढती मागायला गेले आणि नवीन स्टूल घेऊन आले, असं त्यांच्या नोकरीत दोनदा झालं होतं. बायको ओळखून होती. ती फळं उचलून आत जायला वळलीसुद्धा.

"उशी नको," पेन्सिलराव म्हणाले.

बायको थांबली.

"एकतीस वर्षं उशीवर बसूनच काढलं मी ते टोक. आता सायकलवर जाणार. रविवारी, सातला. तुम्ही साखळी काढा नाहीतर आणखी एक लावा." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच धाप लागली. सवयीने ते 'दोघांचंही थोडं थोडं' असं म्हणायला गेले, पण शब्द तोंडातच गिळून त्यांनी पाणी मागितलं.

शनिवारी सकाळी सायकलवाली आली. पन्नाशीची धिप्पाड बाई, नखांत वंगण, आवाज हातोड्याचा. चप्पल न काढताच तिने नोटीस टेबलावर आपटली.

"काका, मी तुम्हाला आजवर पुळचट समजत होते. माफ करा."

"असू दे. समज अगदीच चुकीचा नव्हता," बायको म्हणाली.

"सायकलबंदी लागल्यापासून माझ्या चाळीस सायकली भिंतीला टेकून गंजतायत. चार अर्ज केले मी. एकाचं उत्तर नाही. आणि तुमच्या एका अर्जावर बारा पोलीस. हे असं लिहायला पाहिजे होतं मला. उद्या सगळं गाव येतंय. फलक रंगवलेत." तिने पिशवीतून एक काढून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'आम्हीही टोकाला जाणार'.

"छान," पेन्सिलराव हरखून म्हणाले. "किती सायकली होतील?"

"सायकली? सायकली कशाला? साखळीपुढे ठिय्या द्यायचा. तुम्ही मधोमध बसायचं. साखळी निघेपर्यंत हलायचं नाही."

"मग टोकाला कधी जायचं?"

सायकलवालीने कपाळाला हात लावला आणि कपाळाला वंगण लागलं. "काका, तुम्ही पलीकडे गेलात तर मागणी पुरी झाली असं होईल. लोक घरी जातील. तुम्ही न पोचण्यातच आपली ताकद आहे."

"मला ताकद नकोय. मला टोक हवंय."

"सगळे पुढारी सुरुवातीला असंच म्हणतात," तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "सवय होईल."

ती गेल्यावर पेन्सिलराव बराच वेळ खिडकीशी उभे होते. साहेबांना ते टोकाला जायला नको होते, कारण त्याने कचेरीची अब्रू जाणार होती. सायकलवालीला नको होते, कारण त्याने आंदोलन जाणार होतं. त्यांनी न जाण्यावर सगळ्यांचं एकमत होतं. अशी एकजूट त्यांनी गावात आजवर पाहिली नव्हती.

"ऐक," ते बायकोला म्हणाले, "उद्या मला अर्धा तास हवाय. तेवढा वेळ कोणी माझ्याकडे बघता कामा नये."

"इतकी वर्षं कोणी बघत नव्हतं, तेव्हा गेला असतात तर," बायको म्हणाली. पण तिचे डोळे लकाकले.

रविवारी पावणेसातला साखळीशी दीडशे माणसं होती. बारा पोलीस होते, बंब होता, रुग्णवाहिका होती, आणि दोन पोहणारे अंगाला तेल लावून तयार होते. साहेब तेवढे कुठे दिसत नव्हते. जमू नये हा हुकूम दीडशे माणसांपुढे आधीच निकामी झाला होता, म्हणून फौजदार शुक्रवारी निघालेला दुसरा हुकूम हातात धरून सगळ्यांना वाचून दाखवत होते, "साखळीपुढे रस्त्याने सायकल नेण्यास मनाई आहे." पेन्सिलराव सायकल हातात धरून आले तेव्हा टाळ्या पडल्या. सायकलवालीने त्यांच्यासमोर माइक धरला.

पेन्सिलरावांनी घसा खाकरला. "माझ्या वतीने माझी पत्नी बोलेल," ते म्हणाले. "घरीही तसंच असतं."

बायकोने माइक हातात घेतला, अंतर पाहून तोंडाशी नेला आणि सुरुवात केली. "या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट टोकाला नेलेली नाही. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी सांगितलं, भिंतीला निळा रंग द्या. हे म्हणाले, अर्धी निळी करू. ती भिंत अजून अर्धी निळी आहे." गर्दी हसली. पोलीसही पुढे सरकले. पहिल्या वर्षाचा हिशोब संपवून ती दुसऱ्यावर आली, आणि छत्तीस वर्षं शिल्लक आहेत हे लोकांच्या लक्षात आलं, तेव्हा काहींनी रुमाल पसरून बसायची सोय केली.

पेन्सिलराव मागच्या मागे सरकले. डाव्या हाताला होड्या पाण्यात उतरवायचा सिमेंटचा उतार होता. विकासाच्या जमिनीची हद्द नकाशावर भरतीच्या रेषेपर्यंत होती, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी पक्की कोणालाच माहीत नव्हती, कारण ती रेषा त्यांनीच ओढली होती. रेषेच्या खालची ओली वाळू कोणाच्याच ताब्यात नव्हती. दिवसातून दोनदा ती समुद्राची असे आणि दोनदा कोणाचीच नसे. आज साडेसातला पूर्ण ओहोटी होती.

उताराच्या तळाशी एक पोलीस उभा होता. त्याचा एक कान भाषणाकडे होता.

"कुठे, काका?"

"टोकाला."

पोलिसाने हुकूम आठवून पाहिला. "रस्त्याने मनाई आहे."

"हा रस्ता कुठेय?"

पोलिसाने खाली वाळूकडे पाहिलं, वर पत्र्यांकडे पाहिलं. तेवढ्यात वरून हशा आला. "काय म्हणाल्या त्या?" असं म्हणत तो दोन पावलं वर चढला, आणि पेन्सिलरावांनी टांग टाकली.

ओली वाळू टणक होती. चाकं सर्रर वाजत होती, मागे एकच काळी रेघ उमटत होती, आणि ती रेघ कोणत्याही पट्टीशिवाय सरळ येत होती. उजवीकडे पत्र्यांच्या पाठी दिसत होत्या, गंजलेल्या, चित्र नसलेल्या. पत्रे संपले तशी सुरूची झाडं सुरू झाली, वाऱ्याने सगळी एकाच बाजूला झुकलेली, जणू कोणीतरी गोष्ट सांगतंय आणि ती ऐकतायत. डावीकडे पाणी होतं. नकाशात त्यांनी समुद्राला आजवर एकच निळा दिला होता, बाटली क्रमांक सात. इथे काठाशी पाणी काचेसारखं होतं, पुढे कच्च्या आवळ्याच्या रंगाचं, त्यापुढे शाईचं, आणि ढगाची सावली सरकली की सगळे रंग जागा बदलत. खडकांवर पांढरे पक्षी ओळीने बसले होते. सायकल जवळ आली तसे ते उडाले नाहीत, नुसते सरकले, बाकावर जागा करून द्यावी तसे. दोन ठिकाणी खडक आडवे आले. तिथे पेन्सिलरावांनी सायकल खांद्यावर घेतली, गुडघ्याला शिव्या दिल्या आणि पलीकडे गेले. शिव्या त्यांना येतात हे त्यांनाही नवीन होतं.

मग जमीन संपली.

पेन्सिलराव उतरले आणि त्यांनी डोळे चोळले. टोक कुठेच नव्हतं. जमीन निमुळती होत जायच्या ऐवजी पसरट झाली होती आणि हळूहळू, कुठे ते कळू न देता, वाळूचं पाणी होत होतं. दोन्ही बाजूंच्या लाटा येऊन एकमेकींत विणल्या जात होत्या. पाणी ओसरलं की एक वाळूची जीभ बाहेर येई, पुन्हा आत जाई, आणि दुसरीच एक शेजारून वर येई.

त्या वाळूत साहेब उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बूट, काखेत नकाशाची गुंडाळी.

"तुम्ही इथे?" पेन्सिलरावांनी विचारलं.

"गर्दी टाळायला पहाटेच आलो. गाडीची बॅटरी संपली." साहेबांनी मागे उभ्या गाडीकडे मान हलवली. मग थोडं लाजून म्हणाले, "मी पहिल्यांदाच बघतोय हे. सही केली तेव्हा वेळ नव्हता."

दोघं शेजारी उभं राहून लाटा बघू लागले. बोलण्यासारखं सगळं समोर चालू होतं.

"एक विचारू?" साहेबांनी गुंडाळी उलगडली. "गॅलरीचा पहिला खांब टोकापासून बारा मीटरवर घ्यायचाय. मी सहापासून शोधतोय. तुमचा नकाशा आहे हा. टोक कुठेय?"

पेन्सिलरावांनी नकाशा पाहिला. त्यांचंच काम होतं, सुबक, सुईसारखं टोकदार. "माझ्या आधीच्या आरेखकाने असं काढलं होतं, म्हणून मी काढलं," ते सावकाश म्हणाले. "त्याच्या आधीच्याची पेन्सिल बारीक असेल."

"म्हणजे टोक नाहीच?"

"पाचएक मिनिटांपूर्वी तिथे होतं," पेन्सिलरावांनी बोट दाखवलं. तिथे आता पाणी होतं.

साहेब हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. दोन महिन्यांचं साठलेलं असावं.

भरती लागल्यावर वाळूची वाट बुडाली. परतायला रस्ताच उरला. गुडघ्याने आता साफ नकार दिला होता, म्हणून साहेबांनी सायकल चालवायला घेतली आणि पेन्सिलराव मागे कॅरिअरवर बसले. समुद्राच्या चित्रांमधून वाकडीतिकडी वळणं घेत ते साखळीपाशी आतल्या बाजूने आले तेव्हा बायको बाविसाव्या वर्षात होती.

फौजदारांनी हुकूम पाहिला, सायकल पाहिली, सायकलवर बसलेले साहेब पाहिले. मग हुकूम घडी करून खिशात ठेवला आणि साखळी उचलून धरली.

"काका, साहेबांना कसं काय वळवलंत?" सायकलवाली कानाशी येऊन कुजबुजली.

"वळवलं नाही. रस्ताच सरळ आहे तिथे."

सोमवारी गुडघा झाला. बुधवारी पेन्सिलरावांनी खाटेवरूनच दुसरं पत्र लिहिलं. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता टोक आढळून आले नाही. नकाशावरील टोक हे पेन्सिलीचे आहे. टोक निश्चित झाल्याशिवाय त्यापासून बारा मीटर मोजता येणार नाहीत.' कारकुनाने वर लिहिलं, 'टोक नसल्याबाबत', आणि साहेबांनी ते त्याच दिवशी, आपल्या जोरदार शिफारशीसह, वर पाठवलं. वरच्या कचेरीने समुद्र पाहिला नव्हता. कागद पाहिला. काम थांबलं. पाटीवर 'काम चालू असल्याने' मनाई होती. काम चालू नाही म्हटल्यावर मनाई कशाची, असं सायकलवालीने विचारलं आणि उत्तर यायच्या आत दुकान उघडलं. पत्रे पहिल्या वादळात उडाले. बॅटरीची गाडी अजून तिथेच आहे, तिच्यात पक्षी बसतात.

सहा महिन्यांनी पेन्सिलराव नव्या गुडघ्यावर पुन्हा टोकाकडे गेले. बायको भाड्याच्या सायकलवर मागे होती, आणि "जरा हळू, आम्हालाही बघू द्या" असं दर थोड्या वेळाने म्हणत होती. वाळूत तीन अधिकारी उभे होते. ती वरून आलेली टोकनिश्चिती समिती होती. पहिल्या भेटीत त्यांनी ओहोटीला मोजलं होतं, दुसऱ्या भेटीत भरतीला, आणि दोन टोकांत तीनशे मीटरचा फरक आला होता. आता त्यांच्यात बोलाचालीही बंद होती.

"तुम्हीच ते आरेखक ना?" त्यातल्या अध्यक्षांनी अजिजीने विचारलं. "एकदा बोट ठेवून सांगा, टोक नेमकं कुठे धरायचं. खुंटी ठोकून आम्ही मोकळे होतो."

पेन्सिलरावांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. समिती खुंटी आणि हातोडा घेऊन मागोमाग आली.

"इथे?"

"जरा पुढे," पेन्सिलराव म्हणाले.

पाणी पोटऱ्यांना लागलं. "इथे?"

"जरासं आणखी."

अध्यक्षांची फाइल आता डोक्यावर होती. बायको काठावर सायकल टेकवून, डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"अहो, कुठवर नेणार आहात त्यांना?" तिने ओरडून विचारलं.

"टोक मागितलंय त्यांनी," पेन्सिलरावांनी वळूनही न बघता सांगितलं. "मध्येच कसं सोडू?"